बाळाचे दिवस नक्की किती भरले? पहिलटकरणींसाठी सोनोग्राफीच्या तारखांचा हिशोब

फेब्रुवारीची २५ तारीख. सोनोग्राफी करून आम्ही माहेरी परतलो. आईनं रिपोर्ट उघडला आणि तिचा चेहरा खुलला. "अगं, तारीख पुढं गेली तुझी! आठ एप्रिल लिहिलंय. मग पाडवा निवांत होईल." मलाही बरं वाटलं. पुण्यात २५ मार्च सांगितली होती, आता आणखी दोन आठवडे मिळाले म्हणून त्या रात्री मी शांत झोपले.

खरं तर तो रिपोर्ट काळजीचा होता. बाळ पोटात हवं तसं वाढत नव्हतं. ते ओळखायला जो कागद लागतो, तो माझा आठव्या आठवड्यातला पहिला रिपोर्ट, पुण्याच्या घरी कपाटात राहिला होता. तो हातात आला आणि सगळा अर्थ बदलला. ती हकीकत पुढं येईल.

मी डॉक्टर नाही. पण त्या दिवसांत मी प्रत्येक रिपोर्टचा प्रत्येक आकडा विचारून घेतला, वहीत लिहिला, आणि आता माझ्या नात्यातल्या मुली दिवस गेले की मला फोन करतात. त्यांना जे सांगते तेच इथं क्रमानं लिहिते. औषध, इंजेक्शन, डिलिव्हरी यांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. रिपोर्टवरच्या तारखा मात्र तुम्हाला स्वतःला कळल्याच पाहिजेत.

१. पाळीची तारीख आजच लिहून ठेवा

सगळा हिशोब शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होतो. रिपोर्टवर तिला एलएमपी म्हणतात. तो पाळी सुरू झाल्याचा दिवस, संपल्याचा नाही, चुकली त्या महिन्याचाही नाही. तिथून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे, मोजले की अपेक्षित तारीख येते, तिला ईडीडी म्हणतात. तोंडी हिशोबाला नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. आपल्याकडं 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणतात, ते काही फार लांब नाही.

माझी पाळी वटपौर्णिमेला आली होती. पूजा चुकली म्हणून तारीख पक्की लक्षात राहिली, १० जून. त्यावरून १७ मार्च आली.

पुष्कळ बायकांना तारीख सणावरूनच आठवते आणि त्यात गैर काही नाही. "नागपंचमीच्या दोन दिवस आधी" असं आठवत असेल तर कॅलेंडर काढून इंग्रजी तारखेत लिहा. फक्त मराठी महिन्यांवर मोजत बसू नका. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा असतो आणि मध्ये अधिक महिना आला तर हिशोब पार कोलमडतो. २०२३मध्ये अधिक श्रावण होता, तेव्हा आमच्या एका आत्याबाईंनी सुनेचे दिवस महिनाभरानं चुकवले होते.

तारखेसोबत आणखी तीन गोष्टी लिहा: पाळी साधारण किती दिवसांनी येते, शेवटची पाळी नेहमीसारखी होती की नुसतं अंगावर लागलं होतं, आणि त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत गर्भनिरोधक गोळ्या चालू होत्या का. मूल अंगावर पीत असताना पुन्हा दिवस गेले असतील तर तेही सांगा, कारण तेव्हा पाळीचा भरवसा नसतो. टेस्ट ट्यूब पद्धतीनं गर्भ राहिला असेल तर गर्भ पिशवीत सोडल्याची तारीख हाच आधार, तिच्यापुढं दुसरी कुठलीही तारीख लागत नाही.

२. पहिली सोनोग्राफी १४ आठवडे पूर्ण व्हायच्या आत

"एवढ्या लवकर कशाला मशीन लावायचं? तिसरा संपू दे" हे वाक्य मी खूप घरांतून ऐकलंय. त्यामागं माया असते, पण बाळाचं वय अचूक ठरवण्याची सगळ्यात चांगली वेळ त्यात निघून जाते.

कारण असं. पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळजवळ सारख्याच वेगानं वाढतात. आई उंच असो, बुटकी असो, खात असो की उलट्यांनी बेजार असो, नवव्या आठवड्यातलं बाळ सगळीकडं जवळपास तेवढंच असतं. म्हणून तेव्हा डोक्यापासून कुल्ल्यापर्यंत बाळाची लांबी मोजली की वय कळतं, चूक फार तर पाच-सात दिवसांची. या लांबीला सीआरएल म्हणतात. ग्लासगोच्या ह्यू रॉबिन्सन यांनी १९७३मध्ये ही पद्धत मांडली आणि आजही जगभर तीच वापरतात. पुढं बाळ आपापल्या घराण्याच्या चणीनं वाढायला लागतं, कुणी थोराड, कुणी लहानखुरं. मग मापावरून वय काढणं म्हणजे शाळेच्या वर्गात मुलांची उंची बघून वाढदिवस सांगण्यासारखं आहे.

सातव्या-आठव्या आठवड्यात केली तर बाळ पिशवीतच आहे ना, ठोके आहेत ना, एक की जुळं, हेही त्यातच कळतं. एकदाच जमणार असेल तर ११ ते १३ आठवडे ६ दिवसांच्या मधली करा. तेव्हा सीआरएल ४५ ते ८४ मिलिमीटर असते, वय तर कळतंच, शिवाय मानेमागच्या पाण्याचं माप, ज्याला एनटी म्हणतात, तेही होतं. सीआरएल ८४ मिलिमीटरच्या वर गेली की वयासाठी ती धरत नाहीत, डोक्याची मापं घेतात.

३. तारीख एकदाच ठरवून घ्या, आणि फाइलवर लिहून घ्या

पहिल्या सोनोग्राफीनंतर तुमच्याकडं दोन तारखा असतात, एक पाळीवरची आणि एक मापावरची. दोन्ही जवळजवळ असतील तर पाळीचीच ठेवतात. फार अंतर असेल तर सोनोग्राफीची. किती अंतर म्हणजे फार, याचा नियम अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनं घालून दिलाय, आपल्याकडचे डॉक्टरही बहुतेक त्याच्या आसपासच चालतात:

- ९ आठवडे पूर्ण होण्याआधी: ५ दिवसांपेक्षा जास्त फरक असेल तर तारीख बदला
- ९ आठवड्यांपासून १५ आठवडे ६ दिवसांपर्यंत: ७ दिवसांपेक्षा जास्त
- १६ ते २१ आठवडे ६ दिवस: १० दिवसांपेक्षा जास्त
- २२ ते २७ आठवडे ६ दिवस: १४ दिवसांपेक्षा जास्त
- २८ आठवड्यांनंतर: २१ दिवसांपेक्षा जास्त

ही यादी पहिल्या सोनोग्राफीसाठी आहे. आधी एक झाली असेल तर नंतरच्या सोनोग्राफीनं तारीख बदलायची नसते. याच ठिकाणी सगळा घोळ होतो, म्हणून पुन्हा लिहिते: पहिली चांगली सोनोग्राफी तारीख ठरवते, पुढच्या सगळ्या फक्त वाढ बघतात.

माझं उदाहरण घ्या. ८ ऑगस्टला पहिली सोनोग्राफी झाली. पाळीवरून त्या दिवशी ८ आठवडे ३ दिवस भरत होते. सीआरएल आली ११ मिलिमीटर, म्हणजे ७ आठवडे २ दिवस. फरक ८ दिवसांचा. माझी पाळी पाच-पाच आठवड्यांनी यायची, त्यामुळं गर्भ आठवडाभर उशिरानंच राहिलेला. पुण्याच्या डॉक्टरांनी १७ मार्च खोडून २५ मार्च केली आणि कार्डावर लाल पेनानं लिहिलं. तुमच्या डॉक्टरांना तुम्ही हे स्पष्ट विचारा: "मॅडम, माझी पक्की तारीख कोणती धरायची?" आणि ती माता व बाल संरक्षण कार्डावर आणि फाइलच्या पहिल्या पानावर त्यांच्याच हातानं लिहून घ्या.

४. केंद्रात जाताना काय न्यायचं

- डॉक्टरांची सोनोग्राफीसाठीची चिठ्ठी. चिठ्ठीवर कारण लिहिलेलं असावं.
- ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, साधारण आधार कार्ड चालतं
- आधीचे सगळे सोनोग्राफी रिपोर्ट, अगदी पहिल्यापासून
- माता व बाल संरक्षण कार्ड
- पाळीची तारीख लिहिलेला कागद

तिथं एफ फॉर्म भरून घेतात. त्यात पतीचं किंवा वडिलांचं नाव, पत्ता, आधीची मुलं किती आणि त्यांची वयं, चिठ्ठी कुणी दिली, सोनोग्राफी कशासाठी, हे सगळं असतं. बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही, असं लिहिलेल्या निवेदनावर तुमची सही घेतात. १९९४च्या कायद्यानं गर्भलिंग सांगणं, विचारणं, खुणेनं सुचवणं, सगळंच गुन्हा आहे. महाराष्ट्रानं तर त्याच्याही आधी, १९८८मध्ये, देशात पहिल्यांदा असा कायदा केला होता. सोबत आलेल्या सासूबाईंना किंवा मावशींना घरूनच सांगून ठेवा, की तिथं "पेढा की बर्फी" विचारायचं नाही. सही करण्याआधी फॉर्म वाचा. पाळीची तारीख त्यातही असते आणि घाईत चुकीची पडली की तीच मशीनमध्ये जाते.

उपाशी जायची गरज नाही. माझ्या शेजारी बसलेली एक मुलगी सकाळपासून पाण्याचा घोटही न घेता आली होती, तिला घेरी आली. पहिल्या महिन्यांत पोटावरून बघणार असतील तर लघवी भरलेली लागते, आतून बघणार असतील तर मोकळी, म्हणून नंबर लावतानाच विचारा. कपडे दोन भागांतले घाला, साडी किंवा सलवार-कुर्ता. गाउन नको.

खर्चाची अडचण असेल तर आशाताईंना भेटा. २०१६पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान सुरू आहे. चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांची दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी होते. गर्दी असते, सकाळी लवकर जा, डबा आणि पाण्याची बाटली सोबत ठेवा.

५. रिपोर्ट वाचायला शिका

रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात दोन ओळी शोधा. एक पाळीवरून काढलेलं वय, दुसरी मापांवरून काढलेलं वय. दोन्हींच्या पुढं एकेक तारीख छापलेली असते. मापांवरची तारीख मशीन आपोआप काढतं. मशीनला तुमची पहिली सोनोग्राफी माहीत नसते. त्या दिवशीच्या मापांची सरासरी काढून ते ४० आठवडे कधी भरतील एवढंच सांगतं. म्हणून दर रिपोर्टला ती तारीख थोडी हलते. घरातले लोक नेमकी तीच वाचतात.

त्याखाली मापं असतात. बीपीडी म्हणजे डोक्याची रुंदी, एचसी डोक्याचा घेर, एसी पोटाचा घेर, एफएल मांडीच्या हाडाची लांबी. प्रत्येकासमोर 'इतके आठवडे' असं लिहिलेलं असतं. बहुतेक मशीनमध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या हॅडलॉक यांनी १९८०च्या दशकात केलेली कोष्टकं असतात. चारही आकडे आठवडाभराच्या आत असतील तर छान. एकच आकडा, विशेषतः पोटाचा, बाकीच्यांपेक्षा मागं असेल तर तो डॉक्टरांना दाखवा. बाळाची साखर यकृतात साठते, पोटात चरबी धरते. पोषण कमी पडलं की सगळ्यात आधी पोटाचा घेर मागं राहतो आणि डोकं शेवटपर्यंत वाढत राहतं. निसर्ग मेंदूला आधी वाढून देतो.

ईएफडब्ल्यू म्हणजे अंदाजे वजन. त्यात १५ टक्के इकडंतिकडं धरायचंच. २ किलो १६० ग्रॅम लिहिलं असेल तर खरं वजन १८००च्या वर कुठंतरी ते २५००च्या आत कुठंतरी. "मागच्या वेळी अमुक होतं, आठवड्यात काहीच वाढलं नाही" म्हणून रडू नका. आठवड्यानं पुन्हा मोजलं तर बाळाच्या वाढीपेक्षा मोजण्यातली चूकच मोठी असते. वाढ बघायला दोन सोनोग्राफींत दोन-तीन आठवडे जाऊ द्यावे लागतात.

एएफआय म्हणजे गर्भजल, साधारण ५ ते २४-२५ सेंटिमीटर ठीक.

६. लहान बाळ आणि कमी दिवसांचं बाळ, या दोन वेगळ्या गोष्टी

आता २५ फेब्रुवारीची गोष्ट. त्या केंद्रात मी पाळीची तारीख नक्की सांगितली नाही. "पाळी अनियमित होती" म्हटलं आणि जुनी फाइल जवळ नव्हती. आकडे आले ते असे: डोक्याची रुंदी ३५ आठवडे, डोक्याचा घेर ३५, मांडीचं हाड ३४, पोट ३२. मशीननं सरासरी काढली ३४ आठवडे आणि तारीख छापली ८ एप्रिल. खाली लिहिलं, वाढ वयाप्रमाणं. आणि ते वय कुठून आलं? त्याच मापांतून! फूटपट्टीनं फूटपट्टी मोजल्यासारखं झालं हे.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून नवऱ्यानं पहिल्या रिपोर्टचा फोटो पाठवला. मी जमिनीवर भिंतीला टेकून बसले आणि कॅलेंडरवर बोट ठेवून आठवडे मोजले. २५ मार्चच्या आधी बरोबर चार आठवडे २५ फेब्रुवारी येते, म्हणजे ३६ पूर्ण. पुन्हा मोजले. ३६च. मग पोट ३२ आठवड्यांचं कसं? हे कमी दिवसांचं बाळ नव्हतं, दिवस भरत आलेलं पण बारीक राहिलेलं बाळ होतं. माहेरच्या डॉक्टरांनी फोटो बघितला आणि त्याच संध्याकाळी नाळेच्या रक्तप्रवाहाची डॉपलर करायला पाठवलं. प्रवाह तेव्हा ठीक होता, पण दर दोन-तीन दिवसांनी बोलावलं, बाळाची हालचाल मोजायला लावली, आणि ७ मार्चला, ३७ आठवडे ३ दिवसांना, कळा आणून डिलिव्हरी केली. मुलगी २ किलो २४० ग्रॅमची झाली. रडली, अंगावर प्यायली, चौथ्या दिवशी घरी आलो. ८ एप्रिल खरी मानून आम्ही वाट बघत बसलो असतो तर काय झालं असतं, याचा विचार अजूनही नको वाटतो.

उलटही होतं. आईला साखरेचा त्रास असेल किंवा घराणंच थोराड असेल तर बाळ मोठं दिसतं, मशीन दोन-तीन आठवडे पुढची गोष्ट सांगतं, आणि घरचे म्हणतात "दिवस भरले, करून घ्या". अशा बाळाला वेळेआधी बाहेर काढलं तर वजन साडेतीन किलो असूनही त्याला श्वासाचा त्रास होऊ शकतो. फुप्फुसं वजनावर तयार होत नाहीत, दिवसांवर होतात.

म्हणून नव्या रिपोर्टवर नवी तारीख दिसली की डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. माझ्या पक्क्या तारखेप्रमाणं आज किती आठवडे? त्या आठवड्यांना बाळाचं वजन आणि पोटाचा घेर कितपत हवा? कमी किंवा जास्त असेल तर डॉपलर किंवा पुढची सोनोग्राफी कधी?

७. लवकरची सोनोग्राफी झालीच नसेल तर

ऊसतोडीला गेलेल्या, कामासाठी गाव सोडलेल्या बायकांचं असं होतं. कुणाला कळतंच पाचव्या महिन्यात. अपराधी वाटून घेऊ नका, फक्त आता उशीर करू नका. अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाचे अवयव बघतात, तेव्हाही वय दहा दिवसांच्या आतबाहेर कळतं. त्या सुमाराला लहान मेंदूची रुंदी मिलिमीटरमध्ये जेवढी, साधारण तेवढेच आठवडे असतात, आणि बाळ बारीक असलं तरी हे माप फारसं मागं पडत नाही. बावीस आठवड्यांच्या आतली एकही सोनोग्राफी नसेल तर मात्र तारीख कच्चीच समजतात.

सातव्या-आठव्या महिन्यात पहिल्यांदाच गेलात तर डॉक्टर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावतील. मधल्या काळात बाळ दिवसांच्या मानानं वाढलं तर ते कमी दिवसांचं, वाढ मागं राहिली तर बारीक राहिलेलं. टाळू नका ती दुसरी फेरी. बाळाच्या गुडघ्यापाशीही बघतात. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला हाडाचा पांढरा ठिपका साधारण बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमाराला दिसायला लागतो, नडगीच्या वरच्या टोकाचा पस्तिसाव्याच्या सुमाराला. यात दोन-तीन आठवडे मागंपुढं होतं, पण दोन्ही ठिपके ठळक असले तर बाळ अगदी कोवळं नाही एवढा दिलासा मिळतो.

पहिल्यांदा पोटात हललं तो दिवसही सांगा, पहिलटकरणीला तो साधारण विसाव्या आठवड्याच्या आसपास जाणवतो. सरकारी दवाखान्यातलं जुनं कार्ड, गर्भ चाचणीच्या पट्टीचा मोबाइलमधला फोटो, सगळं उपयोगी पडतं. फोटोवर तारीख असते ना.

८. 'वार पिकली' आणि 'फुप्फुसं तयार झाली'

रिपोर्टमध्ये वारेला ग्रेड असते, ० ते ३. १९७९मध्ये ग्रॅनम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही प्रतवारी मांडली. दिवस भरत येतात तशी वारेत चुन्याची पांढरी रेघ दिसू लागते, तिसऱ्या ग्रेडला ती ठळक होते. पूर्वी वाटायचं की ग्रेड ३ म्हणजे फुप्फुसं तयार. पुढं कळलं, की तो भरवसा धरता येत नाही. तेव्हा "वार पिकली, आता काढा बाळ" हे कुणी म्हटलं तर घाबरून निर्णय घेऊ नका. फार लवकर, म्हणजे नववा लागण्याआधीच, ग्रेड ३ दिसली तर डॉक्टर तुमचा रक्तदाब आणि बाळाची वाढ जास्त बारकाईनं बघतील, ते बघू द्या.

फुप्फुसं तयार आहेत का, हे साध्या सोनोग्राफीत दिसत नाही. फुप्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून शरीर साबणासारखा एक पातळ पदार्थ बनवतं. तो चोविसाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होतो आणि पस्तिसाव्याच्या पुढं पुरेसा होतो. पूर्वी पोटातून सुईनं पाणी काढून त्यातून हे तपासत, आता ते फारसं करत नाहीत. लवकर डिलिव्हरी होण्याची भीती असेल तर २४ ते ३४ आठवड्यांत आईला फुप्फुसांची इंजेक्शनं देतात. आपल्या सरकारी दवाखान्यांत डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, चार वेळा. आता विचार करा, तुमची तारीख तीन आठवड्यांनी चुकलेली असेल तर ३३ आठवड्यांची बाई कागदावर ३६ची होते आणि इंजेक्शनं राहून जातात.

९. दिवस कधी भरतात, आणि मुहूर्ताचा प्रश्न

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी झालेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. ३७ ते ३८ आठवडे ६ दिवस म्हणजे नुकतेच भरत आलेले. ३९ ते ४० आठवडे ६ दिवस म्हणजे पूर्ण भरलेले. ४२च्या पुढं बाळाला पोटात धोका वाढतो, म्हणून त्याआधीच कळा आणतात.

घरात महिन्यांचा गोंधळ फार होतो. 'आठवा लागला' म्हणजे सात पूर्ण, साधारण ३०-३१ आठवडे. 'आठ भरले' म्हणजे ३५च्या आसपास. दवाखान्यात आठवडेच सांगा, घरीही आठवड्यांचीच सवय लावा. सातव्यातलं बाळ जगतं आणि आठव्यातलं जगत नाही, असं माझी आजी ठामपणे सांगायची. ते खरं नाही. पोटात जितके दिवस जास्त, तितकी फुप्फुसं आणि मेंदू तयार, आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा केव्हाही भक्कम.

सिझर ठरलेलं असेल तर मुहूर्त काढला जातो. काढा, पण डॉक्टरांना तातडीचं कारण दिसत नसेल तर पक्क्या तारखेप्रमाणं ३९ आठवडे पूर्ण झाल्यानंतरचाच. गुरुजींना आधी ती तारीख सांगा आणि मग पंचांग उघडायला सांगा. सदतिसाव्या आठवड्यातला अमृतसिद्धियोग बाळाच्या श्वासासाठी काही करत नाही.

१०. माहेरी निघण्याआधी

डोहाळेजेवण झालं, ओटी भरली, गाडीत बॅगा चढल्या, आणि फाइल कपाटात. माझं असंच झालं. म्हणून बॅग भरायच्या आदल्या रात्री हे करा:

- पहिल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर लावा, त्यावर पक्की तारीख मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा
- सगळ्या रिपोर्टचे फोटो काढून नवऱ्याच्या, आईच्या आणि स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवा. सोनोग्राफीचे थर्मल कागद उन्हात, लॅमिनेशनमध्ये काळे पडतात, त्यामुळं लॅमिनेशन नको, झेरॉक्स काढा.
- रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइडचे रिपोर्ट सोबत
- पहिल्या डॉक्टरांकडून एक छोटी चिठ्ठी: पक्की तारीख, ती कशावरून ठरवली, आणि काही धोका आहे का

नव्या दवाखान्यात पहिल्याच भेटीत स्वतःहून म्हणा, "माझी तारीख अमुक आठवड्याच्या सोनोग्राफीवरून ठरलेली आहे, हा तो रिपोर्ट." सोनोग्राफी करणाऱ्यांनाही हेच सांगा, म्हणजे ते वाढ त्या तारखेशी ताडून लिहितील.

आणि पुढच्या सोनोग्राफीची तारीख लांब असली तरी बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, पाणी गेलं, अंगावरून रक्त गेलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढं अंधारी आली, किंवा दिवस भरायच्या आधीच पोट थोड्या-थोड्या वेळानं दगडासारखं घट्ट व्हायला लागलं, तर रिपोर्ट शोधत बसू नका. फाइल काखेत मारा आणि त्याच वेळी दवाखाना गाठा. रात्रीचे दोन वाजले असले तरी. १०८ला फोन करा, गाडी येते.